एकाच बॅटरीवर

“पुढं एक, मागं एक, आन् दोन्ही अंगांना दोन-दोन,” भूपालभावजी म्हणाले.

“सायकल हाय का नवरदेवाची गाडी?” मी विचारलं.

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ते मान खाली घालून हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. सायकल स्टँडवर लावली आणि दिवे नेमके कुठे यायला हवेत ते हाताने चाचपून दाखवू लागले.

रिवाइंडिंगच्या दुकानाच्या पाटीवर नाव आमच्या ह्यांचं. पण हे साखर कारखान्यात कामाला, त्यामुळे दुकान माझ्याच हातात. लग्न होऊन आले तेव्हा पंख्यांच्या कॉइली भरायला शिकले, मग विहिरीवरच्या मोटारी, आणि शेवटी लोक ‘मालावैनीकडं टाक’ असंच म्हणायला लागले. भूपाल मगदूम हे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, गावच्या पाण्याच्या टाकीवर ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. ज्या वाडीची पाळी तिचा व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा आणि पुढच्या वाडीला जायचं. व्हॉल्व्ह फिरवायची हातभर लांब लोखंडी किल्ली कामावर जाताना कायम सायकलच्या दांड्याला बांधलेली. त्यांची साधी सायकल मीच बॅटरीची करून दिली होती. मागच्या चाकात मोटर आणि पुढे नळीवर बॅटरीची पिशवी. मोटरसायकल का घेत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “पेट्रोलचा वास सोसत न्हाई.”

“दिवे कशाला पाहिजेत?” मी म्हटलं. “तुम्ही तर दिवस मावळायच्या आत घरात असता.”

हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मगदूम जैन, आणि सूर्यास्तानंतर घास तोंडात घालायचा नाही हा नेम त्यांच्या घरात कडक. पुष्कळ घरांत तो म्हाताऱ्या माणसांपुरता उरला होता. भावजींनी मात्र चाळिशीतही सोडला नव्हता. लग्न असो नाहीतर बारसं, उन्हं कलली की ते चपला शोधायला लागायचे. कुणी हात धरला तर म्हणायचे, “आमच्यात चालत न्हाई.” लोक कौतुक करायचे. मी तर आमच्या ह्यांना त्यांचा दाखला द्यायचे, कारण हे भलत्या वेळी ताट मागणारे.

“पाळी बदलली, वैनी,” ते म्हणाले. “विजेचं टाइमटेबल फिरलं. आता टाकी दिवसा भरती आन् वाड्यांना पाणी संध्याकाळी. ठेकेदार म्हणतो, जमत नसंल तर सांग, माणसं लायनीत उभी हाईत.”

“आन् जेवण?”

“डबा नेणार. दिवस हाय तवर टाकीखाली बसून खाईन. पर परत येताना अंधार पडणारच. सनूचं शिक्षण होईस्तवर हे काम सुटून चालायचं न्हाई मला.”

सनू म्हणजे सन्मती, त्यांची एकुलती एक. आठवीत होती. शाळेचं दप्तर पाठीला तसंच अडकवून ती दाराशी उभी होती आणि माझ्या टेबलावरच्या तांब्याच्या तारा बघत होती.

मी भावजींना नीट समजावून सांगितलं. सायकलची बॅटरी छत्तीस व्होल्टची, दिवे बारा व्होल्टचे. मध्ये कन्व्हर्टरचा एक छोटा डबा बसवला की व्होल्टेज उतरतं, त्यात अवघड काही नाही. पण बॅटरी जुनी, तिच्यात दम कमी, त्यात एवढे दिवे म्हणजे मोटरच्या तोंडचा घास काढून दिव्यांना द्यायचा.

“त्यापरीस सीटखाली एक बारकी बॅटरी येगळी बसवते. नुसती दिव्यांची. मोटरची संपली तरी दिवा राहील. पायडल मारत का हुईना, घरी याल.”

“नको. एकाच बॅटरीवर पाहिजे.”

“अहो, म्हणजे मोटर गेली की दिवेबी गेले! ऐन रस्त्यात ठार अंधार!”

“तसंच पाहिजे,” ते म्हणाले. “मोटर चालती तवर दिवे. मोटर बंद, दिवे बंद.”

मला रागच आला. आपल्या धंद्यातलं आपल्यालाच कुणी शिकवायला लागलं की येतो तसला. पण भावजी गरीब माणूस, कधी वर तोंड करून न बोलणारा, आणि आज एवढ्याशा गोष्टीला चिकटून बसलेला. हौस असेल म्हटलं. नाहीतर त्यांना दुसरी कसली हौस होती?

मी मापं घेत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या डब्यातला एक स्क्रू उचलला आणि खाली टाकला. मुद्दाम टाकला, मी बघितलं. स्क्रू घरंगळत रॅकच्या खाली गेला. माझ्या दुकानात टेबलावर तेवढा बल्ब, बाकी दिवसाही अंधारच.

“सनू, स्क्रू पडला बघ.”

पोरगी आत आली, वाकली, रॅकखाली हात घातला आणि स्क्रू आणून माझ्या हातावर ठेवला. भावजींचा चेहरा असा उजळला की मला कळेना, झालं काय.

“बघितलं का, वैनी?”

“काय बघायचं त्यात?”

“कसा लगीच गावला तिला!”

“स्क्रूच गावला न्हवं? हिरा गावल्यागत काय करताय?”

ते जाईपर्यंत खुशीत होते.

दिवे बसले. कन्व्हर्टर सीटच्या खाली, पुढे हँडलला मोठा पांढरा दिवा, मागे लाल, आणि चाकांच्या दोन्ही बाजूंना पिवळे. गावात चेष्टेला ऊत आला. सायकल चावडीपुढून निघाली की पोरं ‘बँड कुठाय? बँड कुठाय?’ म्हणून मागे धावायची. पारावरची माणसं म्हणायची, मगदुमाला म्हातारचळ लागला. भावजी कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. उलट आठवड्याभरात पुन्हा दुकानात आले आणि बाजूचे दिवे जरा मोठे मिळतील का म्हणून विचारायला लागले.

“पुढचा न्हाई मोठा केला तरी चालंल,” ते म्हणाले. “बाजूचे तेवढे बघा.”

“पुढचा दिवा रस्ता दाखवतो, भावजी. बाजूचे नुसती शोभा.”

“तेवढी करा शोभा.”

केली. मीही मेली चेष्टाच करत होते. त्यांना एक सवय लागली होती, निघताना बटण दाबायचे आणि मग एकेका दिव्यावर तळहात ठेवून क्षणभर थांबायचे. गाडीला जुंपायच्या आधी शेतकरी बैलाच्या कपाळावर हात ठेवतो ना, तसं. मी म्हणायचे, “आता हळदकुंकूबी लावा.” ते म्हणायचे, “गरम झाला का बघतो.” मी म्हणायचे, “डोळ्यांनी दिसतोय की लागलेला!” ते हसायचे आणि टांग मारून निघून जायचे.

मी सांगितलं होतं तसंच एकदा झालं. बॅटरी अर्ध्या वाटेत संपली. आमचे हे कारखान्यातून येत होते. ह्यांना रस्त्याच्या कडेला, बांधाच्याही पलीकडे, शेतात सायकल आडवी टाकून बसलेले भावजी दिसले. म्हणजे दिसले नाहीत, ह्यांची गाडी ऐकून त्यांनीच हाक मारली. सायकल तिथेच टाकून ह्यांनी त्यांना मागे बसवून आणलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

“गाव ते कितीसं लांब? सायकल ढकलत आला असता तरी पोचला असता. बसून कसले राहिला?”

“पाय दुखत हुते,” ते म्हणाले.

“म्हणून सांगत हुते, दिव्याला येगळी बॅटरी घ्या. आता तरी बसवू?”

“नको, वैनी,” ते म्हणाले. “झालं ते बरोबरच झालं.”

मी हात टेकले. बॅटरी पुरावी म्हणून जुनीतले कच्चे सेल काढून नवे घालून दिले आणि तो विषय सोडून दिला.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे त्या दिवसांत रस्ता माणसांचा राहत नाही. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला, ड्रायव्हर टेपवर गाणी लावून चाललेला. मागची ट्रॉली कुठे झुलतेय याचं त्याला भान नसतं. मी वरच्या वाडीला एका विहिरीवरची मोटर बघायला गेले होते, यायला चांगला अंधार पडला. स्कूटर घेऊन घाई न करता येत होते. एक ट्रॅक्टर समोरून गेला, त्याची धूळ खाली बसायची होती, आणि त्या धुळीत माझ्या दिव्याच्या उजेडात एकदम एक चाक आलं.

मी करकचून ब्रेक दाबला. माझी गाडी वाकडी होऊन कडेला गेली. ती सायकलही थांबली.

“कोण हाय रं? मरायचंय का?” मी ओरडले.

“वैनी?” समोरून आवाज आला. “काय झालं?”

भूपालभावजी होते. सायकल काळी ठिक्कर, एकही दिवा नाही.

“काय झालं म्हणून मलाच विचारताय? दिवे का बंद केलेत?”

“चालू हाईत की,” ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण भावजी चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते. माझ्या स्कूटरचा दिवा त्यांच्या अंगावर पडला होता आणि ते माझ्याकडे न बघता माझ्या डोक्याच्या वर, भलतीकडेच बघत होते.

“चालू हाईत की,” ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी सावकाश. “मोटर तर चालतीय.”

मग त्यांनी हँडलवरचा एक हात काढला आणि पुढच्या दिव्यावर ठेवला. ठेवला तो तसाच राहिला. नंतर वाकून बाजूच्या दिव्यावर, मग दुसऱ्या बाजूच्या.

“गार हाईत,” ते म्हणाले. “कवापासनं बंद हाईत, वैनी?”

“मला काय माहीत?”

“मी टाकीपास्नं आलोय. शेजारनं चार-पाच ट्रॅक्टर गेलं.”

मी स्कूटर लावली, त्यांची सायकल धरली आणि म्हटलं, चला, ओढ्याच्या मोरीवर बसू घटकाभर. ते चालायला लागले आणि जिथे मोरी नव्हतीच तिथे पाय टाकला. मी दंड धरला म्हणून ओढ्यात पडले नाहीत. त्या वेळी मला सगळं कळलं.

“भावजी, तुम्हाला दिसत न्हाई?”

“दिवसा दिसतं,” ते म्हणाले. “पायपातनं बघावं तसं. मधलं तेवढं. कडंचं काय न्हाई. आन् दिवस कलला की मधलंबी जातं.”

“मग हे दिवे कशाला? तुम्हाला दिव्यातबी दिसत नसंल तर?”

“दिवे माझ्यासाठी कुठं हाईत? मला काय, टायरखाली खडी वाजली की डांबर सुटलं म्हणून कळतं. रस्ता पाठ हाय. पर ट्रॅक्टरवाल्याला कसं कळावं की हितं एक माणूस चाललाय? त्यो चुकवून जाईल म्हणून दिवे.”

“आन् एकाच बॅटरीवर?”

“येगळी बॅटरी असती तर ती संपल्याली मला कशी कळणार, वैनी? मला दिसतंय का दिवा गेलेला? एका बॅटरीवर असले म्हंजे मोटर ओढती तवर दिवे जळत्यात. मोटर थांबली की समजायचं, आता आपण कुणाला दिसत न्हाई. उतरायचं, रस्ता सोडायचा, बांधापल्याड जाऊन बसायचं. कुणीतरी येतंच.”

एवढे दिवस मी त्यांना व्होल्ट शिकवत होते.

“आन् ते दिवस मावळायच्या आत जेवायचं?”

“नेम खराच हाय. लहानपणापास्नंचा,” ते म्हणाले. “त्याच्या आडोशाला बरं पडलं एवढंच. घरी जायची घाई का, असं कुणी इचारलं न्हाई कधी.”

एक ट्रॅक्टर येत होता. त्याचा आवाज मला ऐकू यायच्या आधी त्यांनी ऐकला आणि पाय आत ओढून घेतले. तो गेल्यावर त्यांनी बाकीचं सांगितलं. मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, हळूहळू पाइप बारीक होत जाणार आणि शेवटी बंद होणार.

“डॉक्टरांनी इचारलं, आई-वडील नात्यातले का? म्हटलं, मामे-आते भावंडं. मग म्हणाले, तुमची बायको? म्हटलं, रत्ना माझ्या मामाचीच पोरगी. आमच्यात तर पहिला मान मामाच्या पोरीचा. डॉक्टर काय बोलले न्हाईत. पोरं किती, एवढंच इचारलं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घाईघाईने मान हलवली.

“सनूला न्हाई. मी रोज बघतो ना! आधी दिवेलागणीला बघायचो, आता पहाटे, दिवा लावायच्या आधी, तिला आतल्या खोलीतनं व्हॉल्व्हची किल्ली आणाय सांगतो. गडद अंधार असतोय आत. गेली की लगीच आणती. तुमच्या दुकानात बघितला न्हवं स्क्रू?”

“एकदा डॉक्टरलाच दाखवून आणा तिला.”

“दिसतंय तिला. कशाला दाखवायचं?” त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग खाली आला. “रत्नाला माझ्या डोळ्यांचं ठाऊक हाय. पोरीबद्दल डॉक्टरांनी इचारलं ते न्हाई. सांगू नका, वैनी. कामावरबी कुणाला कळू देऊ नका.”

मी कबूल केलं. नाही म्हणून मी काय करणार होते? त्या दिवशी मी स्कूटर मागे ठेवून त्यांच्या सायकलवर माझ्या दिव्याचा उजेड पाडत, अगदी सावकाश, त्यांना गावापर्यंत आणलं.

कन्व्हर्टर जळाला होता. पाणी सोडताना कुठेतरी फवारा उडून आत ओल गेली असणार. मी नवा बसवला, त्याला रबराच्या पट्टीने चांगलं गुंडाळलं आणि दिव्यांच्या वायरीवर एक बारका बझर जोडला. दिव्यांना करंट आहे तोवर तो टिक टिक करणार, करंट गेला की गप्प. भावजींनी कानाशी नेऊन ऐकलं आणि माझा हात धरला. माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता. “आता काय काळजी न्हाई,” ते म्हणाले, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडले.

हंगामभर ती सायकल टिक टिक करत गेली आणि आली. पोरांना चिडवायला आणखी एक साधन मिळालं. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाट बघायचे, आवाज आला की आत जायचे.

आणि मग एका दुपारी, चांगलं ऊन असताना, सगळे दिवे लावून, बझर वाजवत, भावजी एका उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दगड लावून सोडलेली होती आणि ड्रायव्हर टायर घेऊन गावात गेला होता. गळ्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तर म्हणाले, “वैनी, चालत्या माणसाला दिवे दिसत्यात. उभ्या ट्रॉलीला कुठनं दिसायचे?”

भर दिवसा उभी ट्रॉली दिसली नाही म्हटल्यावर झाकून काय राहणार? ठेकेदाराने दुसरा माणूस लावला. वाईट बोलला नाही, दवाखान्यात फळं घेऊन आला होता. किल्ली भावजींची स्वतःची होती, माझ्या शेजारच्या वेल्डरकडून करून घेतलेली, ती त्यांच्याकडेच राहिली. रत्नावैनी तेव्हापासून द्राक्षाच्या बागेत कामाला जायला लागल्या. सायकल माझ्या दुकानात येऊन पडली. भावजींचा निरोप होता, दिवे काढून घ्या, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. माझा हात होईना. महिनाभर ती तशीच रॅकला टेकून उभी होती.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सन्मती आली. त्या वर्षी ती नववीत गेली होती. दोन वेण्या, अंगाने वाढलेली, बापासारखीच हळू बोलणारी.

“काकी, बाबांची सायकल मी घेऊ का? आता क्लास लावलाय तालुक्याला. यायला संध्याकाळ होती.”

“घे की. तुझीच हाय.” मला बरं वाटलं. “पुसून, हवा भरून देते. दिवे कुठले ठेवू? पुढचा ठेवते चांगला.”

“सगळे राहू देत.”

“बाजूचे कशाला, बाळा? तुझ्या मैत्रिणी हसतील.”

“हसू देत,” ती म्हणाली. “पुढचा नसला तरी चालेल. बाजूचे नका काढू.”

मी पान्हा शोधत होते, त्यामुळे माझं तिच्या बोलण्याकडे धड लक्ष नव्हतं. म्हटलं, “बरं, राहू देत. पण एक करते. तुझ्या बाबांनी काय मला करू दिलं न्हाई. दिव्यांना येगळी छोटी बॅटरी बसवते, म्हणजे मोटर गेली तरी...”

“नको, काकी,” सन्मती म्हणाली. “मोटरच्याच बॅटरीवर राहू दे.”

माझा हात पान्ह्यावरच थांबला. मी वर बघितलं. तिने नजर चुकवली नाही.

“कवापासनं?” मी विचारलं.

“सहावीत होते तेव्हापासून. तेव्हा नुसतं अंधारात दिसायचं नाही. आता कडेचंपण जातंय.”

“पण तो स्क्रू? त्या दिवशी रॅकखालचा...”

“तुमची फरशी त्या बाजूला खचलीय, काकी. काहीही पडलं तरी तिथंच जातं. लहानपणापासून मी तिथनंच गोळ्या काढतेय. आणि घरी किल्ली दाराच्या मागच्या खुंटीलाच असते. बाबांचा तो नेम आहे. हात लावला की मिळते.”

मी स्टुलावर बसले. तीच पुढे झाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. चौदा वर्षांची पोर मला धीर देत होती.

“आपण मिरजेला जाऊ. मी येते तुझ्यासंगं,” मी म्हटलं.

“डॉक्टर बाबांना काय म्हणाले ते बाबा आईला सांगत होते, ते मी ऐकलंय. इलाज नाही,” ती म्हणाली. “बाबांना सांगू नका, काकी. ते रोज संध्याकाळी मला किल्ली आणायला सांगतात. मी आणली की मगच ते जेवायला बसतात.”

दिवे तिने सांगितले तसेच ठेवले. बॅटरी तीच, कन्व्हर्टर तोच, बझरही तोच. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, सायकली आणि बॅटऱ्या कितीतरी हाताखालून गेल्या, पण इतकं नीट काम मी पुन्हा कशावर केलं नाही. प्रत्येक जोड मी दोन-दोनदा डाख देऊन पक्का केला. करत होते आणि डोळे पुसत होते.

सायकल मी स्वतःच त्यांच्या घरी पोचवली. दिवस बुडायला आला होता. भावजी ओट्यावर बसले होते, खांदा पट्ट्यात. माझ्या पावलांवरून मला ओळखलं आणि बाजूला सरकून जागा केली. “जेवणार का? ताटं वाढायचीच हाईत,” म्हणाले. मी नको म्हटलं. सन्मती दारात उभी होती. घरात अजून दिवा लागला नव्हता, आतलं काही मलाही दिसत नव्हतं.

“सनू,” भावजींनी हाक मारली, “जरा किल्ली आण गं.”

सन्मती आत गेली. भावजी ऐकत होते. मीही ऐकत होते. एकदा भिंतीला हात घासल्याचा बारीक आवाज झाला, बस्स, मग लोखंड खुंटीवरून निघालं. ती बाहेर आली आणि किल्ली बापाच्या हातात दिली.

भावजींचा चेहरा उजळला. ते माझ्या दिशेला वळले, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं त्या दिशेला.

“बघितलं का, वैनी?”

सन्मती माझ्याकडे तोंड करून उभी होती.

“बघितलं, भावजी,” मी म्हणाले.